त्याच्याकडे सायकल नव्हती

पंक्चरच्या सोल्युशनची टूब मला अकराला पडते,
पंधराला जाते.
हर्णैच्या बंदरावर माझं दुकान:
नायलॉनची दोरी, गळ, पितळी खिळे,
फायबरच्या होडीला लागतं ते रेझिन,
आणि काउंटरच्या डाव्या अंगाला
गोळ्यांच्या जुन्या बरणीत या टुबा.

जूनमध्ये होड्या वर ओढतात.
झापांनी शाकारून, पोटाखाली ओंडके देऊन
वाळूत ओळीनं निजवतात.
नारळी पुनवेपर्यंत
बंदरावर हात पुष्कळ असतात, आणि काम नसतं.

त्या दिवसांत साईल यायचा.
नववीचा. ओठांच्या कडा सोललेल्या,
बोटांना रबराच्या सुरकुत्या.
"काका, एक टूब. आयशीच्या नावावर मांडा."
मी मांडायचो.
अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं.

एका दुपारी मोजमापाला म्हणून किनाऱ्यावर गेलो
आणि चोगल्यांच्या होडीची झाप उचलली.
आत चौघे.
दुधाची रिकामी पिशवी एकाच्या तोंडाशी,
फुगत, आटत, फुगत,
नुकत्याच टोपलीत टाकलेल्या सुरमईच्या कल्ल्यासारखी.
साईलनं माझ्याकडे पाहिलं, ओळखलं नाही.
हसला मात्र.
मी झाप खाली सोडली,
वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगडही ठेवला.

हा दगड मी नंतर कुणालाच सांगितला नाही.
पोलिसांनाही नाही, ते आले तेव्हा:
तीन होड्यांचे पितळी पंखे गेले होते,
भंगारवाल्याकडे गोणीत सापडले,
आणि गोणीवर छाप माझ्या दुकानाचा.
साईलला रत्नागिरीला नेलं.
गाडीत बसताना त्याच्या पायात
एकच चप्पल होती. दुसरी कुणी शोधली नाही.

पुनवेला बंदर उघडलं.
चौथ्या दिवशी दर्शना आली, उधारी फेडायला.
टोपली बाहेर ठेवली, हात पदराला पुसले.
मी वही वाचू लागलो:
दोरी दोन किलो. शिसं. ताडपत्री.
टूब. टूब. टूब दोन. टूब.
वाचता वाचता माझाच आवाज मला
दुसऱ्या कुणाचा वाटू लागला.

"ह्या टुबा कसल्या ओ?"
"सायकलच्या."
ती बराच वेळ काही बोलली नाही.
बाहेर लिलाव चालला होता,
पापलेटवर कुणी आकडा चढवत होतं.
"आमच्याकडं सायकल नाय," ती म्हणाली.
तक्रार नव्हती. नुसती माहिती दिल्यासारखं.

मी पेन काढून टुबांवर रेघ मारायला गेलो.
तिनं वहीवर हात ठेवला.
खवल्याचा एक चकचकीत तुकडा
पानावर चिकटून राहिला.
"नको. लिवलंव ता लिवलंव."
चारशे पासष्ट रुपये
ओल्या दहाच्या नोटांत मोजून दिले तिनं,
दोनदा मोजले,
आणि टोपली उचलायला मला हाक मारली नाही.
एरवी मारायची.

बोर्डापुढे मला बोलावलं होतं.
बाईंनी विचारलं, मुलगा कसा आहे?
मी म्हणालो, चांगला आहे.
त्यांनी लिहून घेतलं.
पुढचा प्रश्न त्यांनी विचारला असता तर
काय म्हणालो असतो, माहीत नाही.
पण त्यांनी विचारला नाही,
आणि साडेअकराची एसटी मला मिळाली.

साईल माघात परत आला.
बापाबरोबर समुद्रावर जातो म्हणतात.
दुकानासमोरून जाताना
रस्त्याची पलीकडची बाजू धरतो.

बरणी मी आता मागे ठेवलीय, फळीवर.
पोरं आली की विचारतो: सायकल कुठाय?
तर ती आणतात.
निळी, घंटी नसलेली, दरवेळी तीच,
वरच्या आळीतली सहा पोरं पाळीपाळीनं.
मी खाली वाकतो, पुढचं चाक दाबून बघतो,
मग मागचं.

दोन्हीत हवा टणक भरलेली.